सही करण्यापूर्वी : प्रस्तावना

पातूर तालुक्यात कपाशी कमरेला लागली आणि ऑगस्ट-सप्टेंबरात फवारणीने जोर धरला, की एका ठरावीक प्रकारचा रुग्ण दवाखान्यात येणार हे धरूनच चालावे लागते. तोंडातून लाळ, अंगाला दरदरून घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर, मांड्यांचे स्नायू आपोआप फडफडताहेत. पाठीवरचा पंप गळत असेल, वारा उलटा फिरला असेल, नाहीतर कर्जाच्या किंवा घरच्या कटकटीला कंटाळून त्याने फवारणीचे विष मुद्दाम घेतले असेल. कारण कोणतेही असो, क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस या ऑरगॅनोफॉस्फरस गटातल्या विषांची शरीरातली चाल एकच. नसांच्या टोकाशी तयार होणारे एक रसायन वेळच्या वेळी मोडून टाकणारे विकर हे विष बांधून ठेवते. ते रसायन साचत जाते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. पातुरात प्राथमिक उपचार होतात आणि रुग्णाला अकोल्याला रेफर करतात. तिथे ॲट्रोपिन सुरू होते, छाती कोरडी होईपर्यंत पुन्हा पुन्हा. त्याच्या जोडीला बहुतेकदा दुसरे एक औषध असते, प्रालिडॉक्झिम, वॉर्डातल्या बोलीत ‘पॅम’. विषाने बांधलेले विकर सोडवणे हे त्याचे काम. कॉटशेजारी बसलेला भाऊ किंवा बाप हे गृहीतच धरतो, की पॅम किती द्यायचे, कसे द्यायचे, मुळात द्यायचे की नाही, हे जगातल्या डॉक्टरांनी केव्हाच ठरवून टाकले आहे. तसे ते ठरलेले नाही. ही पुस्तिका हातात घेणाऱ्याने पहिली गोष्ट लक्षात घ्यावी ती ही.

या प्रश्नाला नेटाने हात घातला तो बारामतीच्या डॉक्टरांनी. मुंबई-पुण्याच्या बड्या संस्थेने नव्हे, एका तालुक्याच्या गावातल्या रुग्णालयाने. त्यांनी विषबाधेचे २०० रुग्ण घेतले. सगळ्यांना सुरुवातीला २ ग्रॅम पॅम दिले आणि मग दोन गट केले. कोण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठी टाकावी तसे ठरवले. एका गटाला रूढ पद्धतीने दर ४ तासांनी १ ग्रॅम. दुसऱ्याला दर तासाला १ ग्रॅम याप्रमाणे सलग ४८ तास सलाईनमधून. ॲट्रोपिन आणि बाकीची शुश्रूषा दोन्हीकडे सारखी. रूढ पद्धतीच्या १०० रुग्णांपैकी ८ दगावले, सलग औषध मिळालेल्या १०० पैकी १. घशात नळी घालून कृत्रिम श्वास द्यावा लागला तो पहिल्या गटात ८८ जणांना, दुसऱ्यात ६४ जणांना. २००६ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. साखर कारखान्यांच्या मुलखातले एक गाव विषबाधेच्या उपचारांत जगाला काही सांगू शकते, ही गोष्ट वऱ्हाडात तरी घरोघरी माहीत असायला हवी होती. ती नाही, याला आपण सगळेच कारण आहोत.

गोष्ट इथे संपली असती तर सोपे होते. २००९ साली श्रीलंकेतून दुसऱ्या चाचणीचे निष्कर्ष आले. तिथे २३५ रुग्ण होते. पॅम मिळालेल्या १२१ पैकी ३० गेले, नुसते सलाईन मिळालेल्या ११४ पैकी १८. ॲट्रोपिन सगळ्यांनाच होते. म्हणजे औषध घेतलेल्यांतच मृत्यू जास्त. हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकेल एवढ्याच आकाराचा, पण औषधाने जीव वाचतो असे मात्र त्यातून मुळीच दिसेना. मग खरे कोणाचे? बारामतीतला डोस मोठा होता, रुग्ण मध्यम तीव्रतेचे होते, बरेचसे लवकर पोहोचले होते. श्रीलंकेत डोस कमी, विषे वेगळी, रुग्णालयाची परिस्थिती वेगळी. आता पातूरच्या शिवारातला रुग्ण बघा. त्याने कोणते विष घेतले ते बाटली सोबत आणली तरच कळते, तो रात्री अकोल्याला किती तासांनी पोहोचेल याचा भरवसा नाही. त्याचे दुखणे बारामतीसारखे की श्रीलंकेसारखे, हे पुस्तकात बघून सांगता येणार नाही. ते इथल्याच रुग्णांमध्ये, इथल्याच रुग्णालयात, रीतसर तपासावे लागेल. २०१७ च्या खरिपात वऱ्हाडातल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले तेव्हा चौकशा झाल्या, पथके आली, कंपन्यांवर बोट ठेवले गेले. ते सगळे योग्यच होते. पण वॉर्डात दाखल झालेल्याला कोणता उपचार लागू पडतो, हा प्रश्न चौकशीने सुटणारा नाही. तो सोडवायचा तर चाचणीच लागते, आणि ती ज्या भागात रोग आहे त्या भागात व्हावी लागते. या सगळ्या लेखनामागचे म्हणणे एवढेच आहे.

चाचणी म्हणजे नेमके काय, हे वऱ्हाडातल्या वाचकाला समजावायला फार लांब जावे लागत नाही. या चिठ्ठीच्या पद्धतीचा जन्मच शेतातला. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथल्या शेतीसंशोधन केंद्रात १९१९ पासून रोनाल्ड फिशर नावाचा संख्याशास्त्रज्ञ खतांच्या नोंदींशी झुंजत होता. एका वाफ्यात नवे खत, दुसऱ्यात जुने, असे केले तर पीक वाढले ते खताने की त्या वाफ्याची जमीनच कसदार होती म्हणून, हे कळत नाही. चांगला वाफा नकळत आवडत्या खताच्या वाट्याला जातो. म्हणून कोणत्या वाफ्याला काय द्यायचे ते त्याने नशिबावर सोपवले. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर नवे वाण जुन्या वाणाशेजारी लावून तोलतात ते याच रीतीने, आणि शहाणा शेतकरीही नव्या बियाण्याच्या जाहिरातीला भुलून सगळे वावर त्याखाली घालत नाही, चार तासे जुन्याची ठेवतो. माणसांच्या बाबतीत हीच पद्धत नावारूपाला आली ती १९४८ साली, क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीने. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये ते औषध इतके थोडे होते की सगळ्यांना पुरणारच नव्हते. मग कोणाला द्यायचे हे वशिल्यावर ठरवण्यापेक्षा चिठ्ठीने ठरले. सहा महिन्यांनी औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ दगावले होते, न मिळालेल्या ५२ पैकी १४. त्यानंतर क्षयाच्या औषधांबद्दल वाद घालायला फारशी जागा उरली नाही.

अर्थात माणूस म्हणजे कपाशीचे झाड नव्हे. वाफ्याला विचारावे लागत नाही, माणसाला विचारावे लागते, आणि चाचणीचा सगळा नैतिक प्रश्न तिथून सुरू होतो. ‘प्रयोग करायला आम्हीच सापडलो का?’ हा आक्षेप अडाणीपणाचा नाही. त्याला इतिहास आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात हजारो शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देण्याचा प्रकल्प राबवला गेला; वसतिगृहातल्या कित्येक मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. एप्रिल २०१० मध्ये तो थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. आपल्या राज्यातलेही उदाहरण घ्यावे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाने आणि टाटा मेमोरियलने ३० ते ५९ वयाच्या सुमारे १,३१,००० स्त्रियांवर याच कर्करोगाच्या तपासणीची मोठी चाचणी घेतली. गावांचे ५२ समूह केले, काहींत विषाणूची तपासणी, काहींत दुसऱ्या पद्धतीची तपासणी, आणि एका गटाला नेहमीची सेवा, म्हणजे प्रत्यक्षात कोणतीच नियमित तपासणी नाही. २००९ साली निष्कर्ष आला : आयुष्यात एकदा केलेल्या विषाणूच्या तपासणीनेही या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. गरीब देशांनी तपासणी कशी करावी याच्या चर्चेत हा निष्कर्ष आजही येतो. पण तपासणी न मिळालेल्या गटात ज्या बायका गेल्या त्यांचे काय, हा प्रश्न त्यानंतर जाहीरपणे विचारला गेला, आणि तो विचारणाऱ्यांना विज्ञानविरोधी म्हणून झटकून टाकता येत नाही. ‘नाहीतरी त्या जिल्ह्यात तपासणी होतच नव्हती’ हे उत्तर खरे आहे, पुरेसे नाही. ज्या गटाला काही मिळत नाही त्याला तसे स्वच्छ शब्दांत सांगितले गेले का, आणि उपयोग सिद्ध झाल्यावर ते त्यांच्या दारी पोहोचवायचे कोणी, हे चाचणी सुरू होण्याआधी लिहून ठेवलेले हवे.

आक्षेप घेणाऱ्यांना मात्र एक उलट प्रश्न विचारला पाहिजे : चाचणी नको, तर मग काय हवे? चाचणीविना उपचार होत नाहीत असे थोडेच आहे! ते रोज होतात, फक्त त्यांची नोंद कोणी ठेवत नाही. कोविडच्या काळातल्या प्लाझ्माचे उदाहरण ताजे आहे. जून २०२० मध्ये राज्य सरकारने वैद्यकीय महाविद्यालयांत प्लाझ्माची मोठी मोहीम गाजावाजा करून जाहीर केली. त्याच सुमारास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चिठ्ठी पद्धतीची चाचणी घेतली. ऑक्टोबर २०२० मध्ये निष्कर्ष छापून आला : आजार बळावणे किंवा मृत्यू, प्लाझ्मा मिळालेल्यांत १९ टक्के, न मिळालेल्यांत १८ टक्के. म्हणजे उपयोग शून्य. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसरी लाट राज्यात आधी उठली ती अमरावती-अकोल्यातच. आणि एप्रिलमध्ये, तो निष्कर्ष जाहीर होऊन सहा महिने झालेले असताना, प्लाझ्मा मिळवण्यासाठी नातेवाईक व्हॉट्सॲपवर नंबर फिरवत होते, रक्तपेढ्यांचे उंबरठे झिजवत होते. केंद्राच्या उपचारपद्धतीतून प्लाझ्मा वगळला गेला तो मे २०२१ मध्ये. याच महामारीत डेक्सामेथासोन नावाच्या जुन्या, स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात हे ब्रिटनमधल्या चाचणीने जून २०२० मध्येच दाखवले होते. न तपासलेला उपचार हाही प्रयोगच असतो. त्यात संमतीपत्र नसते, विमा नसतो, देखरेख नसते आणि शेवटी कोणी काही शिकतही नाही. मला विचाराल तर दोहोंत जास्त धोकादायक तो हाच.

कायदा या बाबतीत पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारला आहे. स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेची जनहित याचिका २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात गेली, न्यायालयाने सरकारला धारेवर धरले, आणि त्या रेट्यातून सुरू झालेल्या बदलांची परिणती मार्च २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियमांत झाली. आता नोंदणीकृत नीतिमत्ता समितीच्या मंजुरीशिवाय नव्या औषधाची चाचणी सुरू करता येत नाही. समितीत किमान सात जण लागतात, त्यांत डॉक्टरांखेरीज कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिक हवा, आणि अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा हवा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत. मृत्यू झाला तर भरपाईचे सूत्र ठरलेले आहे. त्याचा पाया ८ लाख रुपयांचा, त्याला वय आणि मूळ आजाराची जोखीम यांचे गुणक लावून रक्कम काढतात. गंभीर दुष्परिणाम दिसल्यास डॉक्टरने २४ तासांत वर कळवायचे असते. टप्प्यांचा तपशील पुढच्या प्रकरणांत आहे, इथे एवढेच की मोजक्या माणसांवर पहिल्यांदा औषध देऊन बघण्याचा पहिला टप्पा मुंबईच्या केईएमसारख्या खास सज्ज ठिकाणीच होतो. अकोला-अमरावतीच्या रुग्णाला विचारणा होईल ती बहुधा तिसऱ्या टप्प्याची, जिथे औषधाची प्राथमिक सुरक्षितता आधीच तपासलेली असते.

कागदावरचा कायदा वॉर्डात कितपत उतरतो, ही शंका रास्त आहे. ‘डॉक्टरसाहेब म्हणतील तसं’ म्हणून सही ठोकणारा माणूस संमती देतो की शरण जातो? त्यातून विषबाधेचा रुग्ण बेशुद्ध. सही करायची त्याच्या बापाने, तेही रात्री दोन वाजता, रडणाऱ्या बायकांच्या गराड्यात. अशा सहीला पूर्ण समजून दिलेली संमती म्हणणे धाडसाचे आहे. पण यावरचा उपाय चाचणी बंद करणे हा नाही, समजावण्याचे काम त्या रात्रीच्या आधी करणे हा आहे. तालुक्यात एखादी चाचणी येऊ घातली असेल तर ती ग्रामसभेत, आशाताईंच्या बैठकीत, बाजाराच्या दिवशी आधीच सांगितली गेली पाहिजे, म्हणजे वॉर्डातला प्रश्न निदान ओळखीचा तरी असेल. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी निःपक्ष साक्षीदार हजर हवा असे नियम सांगतो. हा साक्षीदार डॉक्टरांच्या हाताखालचा वॉर्डबॉय असून चालणार नाही. आणि ‘नाही’ म्हटल्याने नेहमीच्या उपचारात तसूभरही फरक पडणार नाही, हे वाक्य सहीच्या आधी मोठ्याने उच्चारले गेले पाहिजे.

राहिला पैशाचा मुद्दा. चाचण्या आमच्यावर आणि औषध मात्र आमच्या ऐपतीबाहेरचे, ही तक्रार कंपन्यांच्या बाबतीत अनेकदा खरी ठरते. म्हणूनच चाचणीचा खर्च कोण करतो आहे हे विचारायला लाजू नये. पण सगळ्या चाचण्या महागड्या औषधांच्या नसतात. टाटा मेमोरियलने ११ रुग्णालयांत मिळून स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १,६०० स्त्रियांवर एक चाचणी घेतली. शस्त्रक्रियेच्या अगोदर काही मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेनचे इंजेक्शन द्यायचे, दात काढताना भूल देतात तेच, इतके स्वस्त की त्यात कोणत्याच कंपनीला रस नसावा. पाच वर्षांनी इंजेक्शन मिळालेल्यांत हयात होत्या ९०.१ टक्के, न मिळालेल्यांत ८६.४ टक्के. विदर्भाच्या पाचवीला पुजलेल्या सिकलसेलचेही असेच. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी ६० मुलांवर कमी मात्रेच्या हायड्रॉक्सियुरियाची चाचणी घेऊन २०१२ साली दाखवले, की वर्षाला सरासरी बाराच्या घरात असलेले वेदनांचे झटके औषधाने एकाच्याही खाली येतात. असे प्रश्न परदेशी कंपनी येऊन विचारणार नाही. ते इथल्या महाविद्यालयांनीच विचारायचे आहेत, आणि २००२ पासून अकोल्याला असे महाविद्यालय आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि युरोपीय संघात मंजूर झालेल्या काही गटांतल्या औषधांना भारतातल्या चाचणीतून सूट देण्याचे ठरवले. दुर्मीळ आजारांच्या रुग्णांना त्याने औषध लवकर मिळेल. पण आपल्यावर चाचणी झाली नाही म्हणजे आपण सुटलो, असा हिशेब यातून कोणी मांडू नये.

एका बाबतीत मात्र चाचणी करणाऱ्यांची बाजू घेणे अवघड आहे. निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकात जातो आणि ज्याने सही केली, ज्याच्या शरीरातून रक्त काढले, त्याच्या घरी एक ओळही येत नाही. देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही, म्हणजे सीटीआरआय, जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून नव्या औषधांच्या चाचण्यांची नोंद सक्तीची झाली. पहिला रुग्ण घेण्याच्या आधी नोंद व्हावी लागते, त्यामुळे कोणत्या रुग्णालयात काय येऊ घातले आहे हे कोणालाही पाहता येते. प्रत्येक नोंदीला दोन शीर्षके असतात, एक तज्ज्ञांसाठी आणि एक सामान्य लोकांसाठी. सामान्य लोकांसाठीचे शीर्षकही इंग्रजीतच असते, हा भाग वेगळा. पुढच्या पानांचे काम तेवढेच आहे : येऊ घातलेली चाचणी कशी वाचावी, त्यात कोणाला घेतात, कोणाला वगळतात, कोणाशी कशाची तुलना होते, हे बाजारात उभे राहून एकमेकांना सांगता येईल अशा मराठीत मांडणे. यात कोणत्याही चाचणीची शिफारस नाही आणि कोणाला परावृत्त करण्याचा हेतूही नाही.

सहीची वेळ आलीच तर तीन गोष्टी मागा : सीटीआरआय या अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांक, नीतिमत्ता समितीच्या सचिवाचा फोन नंबर, आणि संमतीपत्राची तुमच्या भाषेतली प्रत. ही प्रत देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. ती घरी आणा आणि रेशन कार्ड, आधार कार्ड ठेवता त्याच पिशवीत ठेवा.